ओला साचा आणि आप्पा

आजही आठवलं की माझं टाळकं सणकतं. राग त्या रोबोचा, तिथल्या पोरीचा, आणि सगळ्यात जास्त माझाच.

आमचे आप्पा तीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूचे साचे करायचे. एकदा ओलसर साच्यात लोखंडाचा रस ओतला गेला, तो उसळला आणि आप्पांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. साच्यात ओल आहे हे आप्पांना कळलं होतं, पण त्याला ढकलायला हात पुढं व्हायला उशीर झाला. हे मला आईनं सांगितलं. आप्पा त्यावर कधीच बोलले न्हाईत.

शहरात व्हीआर संग्रहालय निघालं. डोळ्यांवर चष्मा चढवला की जुनी फाउंड्री समोर उभी, आणि माहिती सांगायला शेजारी रोबो. मलाच लई हौस! म्हटलं, "आप्पा, चला, तुमचा कारखाना दाखवतो."

चष्मा चढवला आणि आप्पा पार तिथलेच झाले. वाकून मूठभर वाळू उचलून दाबायला गेले. ओल बघायची त्यांची हीच रीत. हातात काय येणार, कपाळ! पण वाळू चकाकत होती, बाजूच्या पडद्यावर मलाही दिसत होती. चित्र देखणं व्हावं म्हणून कुणा दीडशहाण्यानं ओली रंगवलेली. तेवढ्यात चित्रातला एक कामगार रस ओतायला पुढं आला.

"मागं सर रं! साचा वला हाय!" आप्पा ओरडले आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं. शेजारचा रोबो धाडकन आडवा.

लोक फिदीफिदी हसले. तिथं कामाला असलेली पोरगी तणतणत आली, "काका, आजोबांना जरा सांभाळायचं ना!" आणि मी, त्यांचा शिकलेला लेक, काय बोलावं? "आप्पा, काय ह्ये! माफी मागा तिची." जीभ कशी झडली न्हाय माझी! आप्पांनी चष्मा काढून गोंधळून इकडंतिकडं बघितलं आणि नातीच्या वयाच्या पोरीपुढं हात जोडले. तोवर उभा केलेला रोबो गोड आवाजात विचारतो, "आपला अनुभव कसा होता?" अरं मुडद्या, आग लागो तुझ्या अनुभवाला!

परतताना आप्पा गाडीवर माझ्या मागं बसले. आमच्या घराजवळ, अनगोळात पोचलो. मग हळूच म्हणाले, "ह्या खेपेला येळेत ढकललं बघ मी त्याला."

आणि त्याचीच मी त्यांना माफी मागायला लावली होती.