बिनडोळ्याची कांडी

मित्रांनो, आज मी जळतोय आणि ते लपवणार नाही.

पलूसच्या आमच्या कोडिंग क्लासात सलग आकड्यांचे चार तुकडे पाडून नेटवर्कचा पत्ता बनवायचा होता. तुकडा २५५ च्या पुढे नको, '०१' सारखा शून्यानं सुरू होणाराही नको. हे मी तासभर तळमळून सांगितलं. पोरांनी जांभया दिल्या.

मग माझ्या सहकारी, आष्ट्याच्या शबानामॅडम उठल्या. "उसाच्या लागणीला बिनडोळ्याची, कोंब न फुटणारी कांडी लावता व्हय रं?"

"न्हाई मॅडम, फेकतो!"

"मग '०१' बी फेका."

पोरांचे प्रोग्रॅम चालले. पुढची बॅचही त्यांनी मॅडमकडेच मागितली.

ऊस माझ्या घरचा. मॅडमच्या घरी बांगड्यांचं दुकान. सांगा गड्यांनो, माझ्याच शेतातली उपमा त्यांना कशी सापडली?