दोन पाकिटं भाजणी, तीन वह्या समास

मी निघाले त्या दिवशी अण्णा आणि आई विमानतळाच्या काचेबाहेर उभे होते. सोडायला आलेल्यांना आत येऊ देत नसत. कराडहून जीपने आलो होतो आणि वाटेत अण्णांनी मला तीनदा विचारलं होतं, "वह्या वर ठेवल्यास ना, मनीषे?" अण्णा संस्कृतचे शिक्षक. माझ्या नावाचं संबोधन ते व्याकरणशुद्ध करत. आमच्याकडे बाकी कुणी 'मनीषे' म्हटलं तर ते रागावलेले असत. अण्णा म्हणाले तर लाडात असत.

वह्या म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या तीन वह्या. त्यात त्यांनी आयुष्यभर जमवलेले समास. लांबच लांब शब्द, त्यांची फोड, खाली विद्यार्थ्यांसाठी टिपा. दुसरी प्रत नव्हती. "तिकडे एखादा मराठी मुलगा शिकायला बसला तर तुझ्याकडे असू देत," एवढंच म्हणाले होते.

काउंटरवर बॅग भरली चौतीस किलो. चालत बत्तीस. मी तिथेच फरशीवर बॅग उघडली. वर वह्या होत्या, त्यांच्याखाली आईने भाजून दळून आणलेल्या चकलीच्या भाजणीची दोन पाकिटं. दोन्हींचं वजन सारखंच असावं. मागे रांग, पुढे ती मुलगी घड्याळ बघतेय. मी वह्या काढल्या. एका रिकाम्या ट्रॉलीवर ठेवल्या आणि ट्रॉली भिंतीशी लावली, जणू कुणीतरी येऊन घेऊन जाणार आहे. मग काचेकडे वळून हात हलवला. अण्णांना आतलं काही दिसत नव्हतं. तरी ते अंदाजानेच हसून हात हलवत राहिले.

हे मी चोवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, तुमच्याही बॅगेतून काहीतरी बाहेर राहिलं असेल. आणि तुम्ही जे काचेपलीकडे उभे होतात, तुम्हाला ते सांगितलं गेलं नसेल. म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेत ट्रॉय नावाच्या गावी आले. पहिली दोन वर्षं बर्फ फावड्याने काढायचं असतं हे शिकण्यात गेली, पुढची गाडी चालवण्यात. लग्न झालं, रेवा झाली. माझा नवरा नागपूरचा, त्याच्या माझ्या मराठीत तंटे, आणि दोघांच्या मराठीवर रेवाचं इंग्लिशमध्ये उत्तर. दर रविवारी सकाळी नऊला अण्णांचा फोन. तिकडे संध्याकाळ. तब्येत, हवा, मग ठरलेला प्रश्न, "वह्यांना वाळवी-बिळवी नाही ना लागली?"

"अण्णा, इथली हवा कोरडी आहे," मी म्हणायची.

बघा, यात खोटं काही नाही. हवा असते कोरडी. माझं असंच आहे, मी खोटं बोलत नाही, नुसती खऱ्याच्या शेजारून जाते. आई म्हणते, लहानपणी कप फोडला की मी येऊन सांगायचे, "आई, स्वयंपाकघर झाडून काढलंय."

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मला डॅनिश भाषा मिळाली. आमची कंपनी गाड्यांना आवाज देते. तुम्ही ड्राइव्ह करत असता, मेसेज येतो, गाडी तो वाचून दाखवते. मी टेस्टिंगमध्ये. भाषा येणं गरजेचं नसतं, ती येणारं माणूस शेजारी बसवतात. माझ्या शेजारी कर्स्टन बसायची. डेन्मार्कची, सत्तरीला टेकलेली, शाळेतून रिटायर झालेली, इथे मुलाकडे राहणारी. विणकाम करत ऐकायची आणि मशीन चुकलं की सुई वर करायची.

एके दिवशी एका शब्दापाशी सुई खाली यायलाच तयार नाही. डॅनिश लोक शब्दाला शब्द जोडत जातात, मध्ये जागा सोडत नाहीत. हा शब्द होता 'बर्नेहेवेक्लासेलेअर्नेस'. बालवर्गाच्या शिक्षकांची बैठक पुढे ढकलली, असा साधा मेसेज. पण मशीन मधल्याच 'क्लासे'वर जोर द्यायचं आणि पुढे कोसळायचं. आमचे दोन इंजिनियर स्क्रीनकडे बघत बसले होते. कुठे तोडायचं, हेच कळेना.

माझं बोट टेबलावर कधी वाजायला लागलं, मला कळलं नाही. अण्णांची सवय. ते लांब समास मांडीवर बोटाने वाजवत, एकेका अक्षराला एक ठोका, पद संपलं की टिचकी. आणि फोड करायची ती शेपटाकडून. "शेवटचं पद आधी धर. वस्तू ती. अलीकडची सगळी तिची ओळख सांगायला आलेली." मी कर्स्टनला विचारत विचारत मागून आले. शेवटचा 'स' म्हणजे 'त्यांचं', 'ने' म्हणजे ते सगळे, 'लेअर' शिक्षक, 'क्लासे' वर्ग, 'हेवे' बाग, 'बर्ने' मुलं. मुलांच्या बागेतल्या वर्गाच्या शिक्षकांचं. म्हणजे घसघशीत षष्ठी बहुवचन. कर्स्टनने मग तोच शब्द म्हणून दाखवला. त्यांचा जोर पहिल्या तुकड्यावर, बाकीचे पायऱ्या उतरल्यासारखे हलके हलके. तुकडे पाडून दिल्यावर मशीनही शहाण्यासारखं बोललं.

"डॅनिश कुठे शिकलीस?" कर्स्टनने इंग्लिशमध्ये विचारलं.

"कराडला," मी म्हटलं. ती त्या गावाचं नाव लिहून घ्यायला लागली.

मला इतका आनंद झाला होता की रविवारची वाट बघवेना. फोन आल्या आल्या अण्णांना तो शब्द सांगितला. तिकडून बोटाचे ठोके ऐकू आले. मिनिटभराने म्हणाले, "बालोद्यानवर्गशिक्षकाणाम्." मग स्वतःशीच हसले. "अगं, ही माणसं आपल्यातलीच की."

आणि तिथेच मी अडकले. अण्णा शहाऐंशीचे. त्यांचे जुने विद्यार्थी मिळून समासांची एक पुस्तिका छापायचं म्हणत होते, अण्णाच टाळत होते. आता त्यांना हुरूप आला. म्हणाले, "हे उदाहरण घालूच. तिसऱ्या वहीत तत्पुरुषाची पानं आहेत, त्यांचे फोटो पाठव. मग पहिल्या दोन वह्या."

मी 'हो' म्हटलं. हे मात्र सरळ खोटं.

पुढचे पाच रविवार मी काय काय सांगितलं, ते लिहायला हात धजत नाही. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. फोनचा कॅमेरा गेला. शेवटी इंडियन ग्रोसरीतून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि आठवेल तसं लिहायला बसले. अंधुक फोटो पाठवले तर कळणार नाही, असा पन्नाशीतल्या बाईचा बेत. अकरा पानं लिहिली. नवल म्हणजे आठवत होतं. बोटाने टेबल वाजवलं की एकामागून एक येत होतं. पण अक्षर माझं, कोंबडीच्या पायांचं. अण्णांचं अक्षर म्हणजे फळ्यावर ओळ आखल्यासारखं.

रेवा तेव्हा कॉलेजमधून घरी आली होती. वही बघून तिने विचारलं आणि का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम. व्हॉट्स ही गॉना डू, ग्राउंड यू?" इकडे मुलांना शिक्षा म्हणून घराबाहेर सोडत नाहीत, ते ग्राउंड करणं.

त्या रविवारी व्हिडिओ लावला. आई अण्णांच्या शेजारी शेंगा सोलत बसलेली. मी ट्रॉलीपासून सुरुवात केली आणि थांबले नाही. भिंतीशी लावलेली ट्रॉली, हात हलवणं, कोरडी हवा, बेसमेंटमधलं पाणी, सगळं. अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले.

"भाजणी ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही पाकिटं?"

"दोन्ही."

ते आईकडे वळले. "ऐकलंस का, माझा तत्पुरुष सहार विमानतळावर राहिला. तुझी भाजणी गेली अमेरिकेला."

आईने शेंग सोलायची थांबवली नाही. "मग चकल्या तरी धड झाल्या का गं?"

"नाही. मोहन जास्त पडलं. तेलात विरघळल्या."

आई इतकी हसली की सूप कलंडलं. मीही हसले, रडताना हसतात तशी. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं लागली होती त्या वह्यांना." मग उठून आत गेले. आई म्हणाली, ठेव आता, त्यांचं मी बघते.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला. कर्स्टनने दोनदा सुई वर केली तरी मला दिसली नाही. तिलाही सांगितलं शेवटी. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, भाजणी म्हणजे काय.

पुढच्या रविवारी फोन नऊला नाही, साडेआठलाच वाजला.

"ती अकरा पानं आहेत ना," अण्णा म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. ते ठोका देत ऐकत होते. मधेच "ह्रस्व", मधेच "चूक, हा बहुव्रीही". दुसऱ्या पानावर ठोका थांबला. "हे माझं नाही."

मी पुन्हा बघितलं. खरंच, ते उदाहरण मी कुठे ऐकलेलं नव्हतं; लिहिता लिहिता माझ्याच हातून झालं होतं. "खोडू का?" मी विचारलं.

ठोका पुन्हा सुरू झाला. "राहू दे. पुढे."

तेव्हापासून हेच चालू आहे. ते सांगतात, मी लिहिते, आठवत नसेल तिथे दोघं मिळून नवीन करतो. सगळं परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. दीड वही झाली. पुस्तिका या नव्या पहिल्या वहीवरूनच छापायचं ठरलं आहे. तिच्यात कर्स्टनचा शब्द आहे, आणि तिचं नाव देवनागरीत कसं लिहायचं, यावर अण्णांनी एक अख्खा रविवार घेतला.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी आधी घुटमळायची. आता मला कर्स्टनचा तो शब्द आठवतो. जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून बोलताना कराडच आधी येतं आणि ठसक्यात येतं. पण अण्णांच्या नियमाने बघायचं तर वस्तू शेवटी असते, आणि शेवटी आहे हे ट्रॉयमधलं स्वयंपाकघराचं टेबल, रविवार सकाळ आणि त्यावर वाजणारं बोट. दोन्ही एकाच शब्दात आहेत, मध्ये जागा न सोडता.

परवा फोन ठेवता ठेवता अण्णांनी जुनाच प्रश्न विचारला. "वह्या नीट आहेत ना?"

"अण्णा, इथली हवा कोरडी आहे," मी म्हटलं आणि फोन फिरवून टेबलावरच्या वह्या दाखवल्या.

ते पुढे वाकून बघत राहिले. मागून आईचा आवाज आला, "आणि तो शेजारी डबा कसला गं?"

"भाजणीचा," मी सांगितलं. "या वेळी मोहन मोजून घालणार आहे."