शिक्का मारलेला बॅकअप

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी कुवेतमध्ये राई नावाच्या भागातल्या एका कंपनीत होतो. आम्ही सर्व्हर विकायचो आणि मग ते चालू ठेवायला स्वतःच जायचो. आमच्या गिऱ्हाइकांत एक खाजगी रुग्णालय होते. तिथल्या रक्तपेढीचे काम नाशिकच्या एक बाई बघायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. दर महिन्याला रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णांपैकी कोणाला कोणते रक्त सोसत नाही, याची नोंद त्या ठेवत. पूर्वी ती जाड वह्यांत असायची. रुग्णालय 'कागदमुक्त' झाल्याचे जाहीर झाले त्या दिवशी भाषणे झाली आणि वह्या रद्दीत गेल्या. आता सगळे आमच्या सर्व्हरवर होते.

सर्व्हरच्या डिस्कचे दोन कप्पे केलेले होते. नोंदींचा कप्पा भरत आला होता. शेजारच्यात उद्घाटनांचे फोटो होते आणि भरपूर मोकळी जागा होती. शेजारचा लहान करून नोंदींचा मोठा करायचा, एवढेच काम. त्यात क्रमाला महत्त्व असते. लहान करताना आधी आतली फाइलसिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, आवळायची, मग कप्प्याची सीमा सरकवायची. मोठे करताना उलट. क्रम चुकला की माहितीचा काही भाग सीमेबाहेर पडतो. म्हणून आधी बॅकअप.

रुग्णालयाचे व्यवस्थापक हैदराबादचे होते. त्यांनी या कामाला 'क्षमता विस्तार प्रकल्प' असे नाव देऊन सर्क्युलर काढले. ओपीडी बंद असते म्हणून शुक्रवारची सकाळ ठरली. ते सुट्टीच्या दिवशी टाय लावून आले आणि माझ्यापुढे एक फाइल ठेवली. सर्व्हर रोज 'बॅकअप पूर्ण' असा अहवाल काढायचा. तो रोज छापून, त्यावर रुग्णालयाचा गोल शिक्का मारून त्यांनी लावून ठेवला होता. कुवेतमध्ये शिक्का नसलेल्या कागदाला कोणी विचारत नाही, आणि असलेल्याला कोणी प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही. बॅकअपची फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतली, तारीख त्याच दिवशीची दिसली, आकारही भरघोस होता. मी समाधानी झालो.

सर्व्हर बंद करणार एवढ्यात ताई म्हणाल्या, "भाऊ, त्या दुसऱ्या संगणकावर माझी एक बाई उघडून दाखवा ना."

त्यांची बाई म्हणजे जहरा या गावाहून दर महिन्याला येणारी एक रुग्ण. मागच्याच महिन्यात तिला रक्त चढवताना त्रास झाला होता आणि तिच्या रक्तात नवी अँटीबॉडी सापडली होती, म्हणजे आणखी एका प्रकारचे रक्त तिला चालणार नव्हते. बॅकअप उलगडायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात व्यवस्थापकांनी दोनदा घड्याळ पाहिले. बाईंचे नाव सापडले, पण मागच्या महिन्याची नोंद नव्हती. त्याच्या आधीचीही नव्हती. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. बॅकअपचा प्रोग्राम आधी नोंदींच्याच कप्प्यात एक तात्पुरती फाइल बनवायचा. रोजच्या किरकोळ नोंदींपुरती जागा तिथे होती, एवढ्या मोठ्या फाइलपुरती नव्हती. मग तो जुनीच फाइल आजच्या तारखेने पुन्हा ठेवायचा आणि 'पूर्ण' असे लिहायचा. तो प्रोग्राम मीच बसवला होता.

व्यवस्थापकांना सांगितले. ते हिंदीत म्हणाले की सर्क्युलर निघाले आहे, संचालक दुपारी येणार आहेत, आणि शेवटी "माफी मुश्किल", म्हणजे काही अडचण नाही, असे धीर देणारे अरबी शब्दही त्यांनी जोडले.

ताई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "पिशवी चुकली तर काय, सर्क्युलर चढवायचं तिला?"

त्याचे हिंदी करताना मी 'काम आज होणार नाही' एवढेच ठेवले. ते मला विचारत राहिले की शिक्के मारलेल्या चार महिन्यांच्या अहवालांचे आता काय करायचे. संचालकांना त्यांनी विस्ताराचा पहिला टप्पा यशस्वी झाल्याचे सांगितले, असे नंतर कळले.

तो आठवडा मी प्रोग्राम दुरुस्त करण्यात घालवला. तात्पुरती फाइल आता दुसऱ्या संगणकावर बनू लागली. पुढच्या शुक्रवारी टायही नव्हता आणि सर्क्युलरही नव्हते. ताईंनी नवा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून वीसेक रुग्ण एकेक करून तपासले. कप्प्यांचे जुने आकडे मी कागदावर उतरवून घेतले. मग शेजारची फाइलसिस्टिम आवळली, सीमा सरकवली, नोंदींचा कप्पा वाढवला. जेवणाच्या वेळेपर्यंत सर्व्हर चालू झाला.

मी जागा किती वाढली ते सांगू लागलो. ताईंचे लक्ष नव्हते. जहऱ्याच्या बाईंना शनिवारी रक्त द्यायचे होते. त्यांनी ती नोंद उघडली, शेवटची ओळ बोट ठेवून वाचली, फ्रिजमधून दोन पिशव्या काढल्या, त्यातली एक परत ठेवली आणि दुसरीचा नमुना तपासायला घेतला.