मोरस साखर आणि पंतांची वडी

पंगतीत साखरेचं पक्वान्न आलं की आमचे पंत वाढणाऱ्याचा हात धरत. स्वतःच्या पानावरचा नव्हे हो, शेजाऱ्याच्या! "हाडं खाताय, हाडं!" मॉरिशसहून येणारी पांढरी मोरस साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ठाण्यात ते सगळ्यांच्याच कानावर आलं होतं. आम्ही ऐकूनही साखर खायचो. या गृहस्थांनी खरोखरच सोडली.

टेंभी नाक्याला मी त्यांचा शेजारी आणि कचेरीतही शेजारी, म्हणजे सुटका नाही. पंत विधुर. घरात एकुलती एक मुलगी आणि तिला गोडाची भारी हौस. तिच्यासाठी त्यांनी एक वडी शोधून काढली. वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि खजूर वाटायचा, तुपातल्या रव्यात मळायचा, थापायचा आणि भट्टीत भाजायचा. भट्टी कुणाची? खाडीकडच्या किरिस्तावाची, पाववाल्याची! सोवळ्यातला हा माणूस ताट घेऊन तिथे उभा. मी टोकलं तर म्हणे, "अग्नीला कसला आलाय विटाळ?"

"पंत, करपली तं माजा दोस नाय हां," पाववाला आधीच बजावून ठेवी. करपायचीच.

चव काय सांगू! दाढेला चिकटली की जीभ दुखेपर्यंत निघत नसे. "खा, साखरेचा कण नाही!" म्हणून पंत समोर उभे. आम्ही वा वा करायचो आणि पाठ फिरताच कावळ्यांना टाकायचो. तेही शिवत नसत. मुलगी तेवढी मिटक्या मारत खायची.

पोर अकरा वर्षांची झाली. आणखी वर्षभर घरात राहिली असती तर लोकांनी पंतांना वाळीतच टाकलं असतं. अशात कल्याणचं चांगलं स्थळ चालून आलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसता. पंतांनी पाहुण्यांना वडी दिली, वर कौतुकानं भट्टीही सांगितली! मुलाचे वडील घास थुंकून उठले. झालं, गावभर बोभाटा. एकही स्थळ दारात येईना.

शेवटी मी कल्याणला खेटे घातले. अट आली: पंतांनी पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावं आणि लग्नात बुंदीचे लाडू मोरस साखरेचेच असावेत, गुळाचं आम्हाला चालत नाही. वा रे शुद्धी! मला संताप आला. पंतांनी मात्र मुकाट्यानं मान डोलावली.

लग्न लागलं. पंगतीत व्याही लाडू घेऊन पंतांसमोर आले. "घ्या, आमच्या हातचा घास." सगळी पंगत हात थांबवून बघू लागली. लाज सोडून मीही. पंतांच्या तोंडून एक शब्द निघता, तर वऱ्हाड पोरीला इथेच टाकून चालतं झालं असतं.

"बाबांना नको हो तो! त्यांना नाही चालत!"

नवरी बोलली! बायकांनी तिचं तोंड दाबलं. व्याह्यांच्या कपाळाला आठी पडली.

पंतांनी आ केला. लाडू सावकाश, पुरता खाल्ला. डोळे भरून आले होते, ते पुसलेसुद्धा नाहीत.

"चालतो गं मला," ते मुलीला म्हणाले. "चांगला गोड आहे."

आणि त्यांनी दुसरा मागून घेतला.