घरापासून शेतापर्यंतची दिल्ली

मंडळी, मी अजून दिल्ली पाहिलेली नाही. तरी आज शिरपूरच्या क्लासमध्ये सराव परीक्षेत दिल्लीच्या वास्तूंचा प्रश्न आला, तेव्हा मला घाम फुटला नाही.

कारण माझी दिल्ली आमच्या घरापासून शेतापर्यंत पसरलेली आहे. पाठांतर टिकत नव्हतं, म्हणून रोजच्या वाटेवर एकेक वास्तू बसवली, आधी बांधलेली ती आधी. गल्लीच्या तोंडाशी मोबाईलचा टॉवर आहे, तो कुतुबमिनार. पुढची पडकी पाण्याची टाकी म्हणजे तुघलकाबाद. भाजीची लोटगाडी उभी असते तिथे हुमायूनची कबर. कापसाच्या जिनिंग मिलचं मोठं गेट हा लाल किल्ला, आणि आमच्या विहिरीवरची मोटारीची खोली म्हणजे जंतरमंतर.

आता हे सगळ्या घराला पाठ झालंय. आज निघताना सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, म्हणाल्या, "येतांना हुमायूनजवळनी कोथमीर लई ये वं."

पेपरात मात्र क्रम उलटा मागितला होता, नवीन वास्तू आधी. शेजारची मुलगी पेन चावत बसली. मी डोळे मिटले, मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं आणि शेतातून चालत घरी आले. उत्तर बरोबर निघालं.

त्याच आनंदात खरोखरची घरी पोचले, तर अक्का दारातच.

"बठ्ठी दिल्ली फिरी उनी, अन् कोथमीर इसरी गई?"

सगळी दिल्ली फिरून आलेली मी, पिशवी घेऊन परत हुमायूनपर्यंत गेले.

तयारी करणाऱ्यांनो, तुमच्या गावात लाल किल्ला कुठे आहे?