बायोडेटात लिहिलेला विमानाचा नंबर

बाळांनो, मावशी माझ्याशी का बोलत नाही, असं तुम्ही मागे फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तो लागू द्या.

तुमची मावशी लातूरच्या एका डाळमिल मालकाचं विमान चालवत असे. चार माणसांचं, एका इंजिनाचं, वयाने तिच्याहून मोठं विमान. मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सोमवारचा उपवास, आणि विमानाची हौस. मावशी लातूरला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एस.टी.ने नांदेडला माझ्याकडे यायची.

अशाच एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "आज समोरून एक विमान गेलं. इतकं जवळून की त्याच्या पोटावरचा तेलाचा ओघळ दिसला मला." हवा धुरकट होती, दोघांनाही दुसरा आधी दिसला नव्हता. हे तिने हसत सांगितलं आणि भाजी वाढून घेतली. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, तुमची आई सातासमुद्रापार. माझ्याजवळ म्हणावं असं ही एकच उरली होती.

मी चौकशी केली. अप्पांच्या विमानात ट्रान्सपाँडर होता, पण जुना. रडारने विचारलं की तो आपला आकडा आणि उंची सांगे, नाहीतर गप्प. आपल्या भागात खालून उडताना त्याला विचारणारं बहुतेक वेळा कुणी नसे. नव्या प्रकारचं यंत्र कुणी विचारायची वाट बघत नाही. मी कोण, कुठे, किती उंचीवर, हे ते सेकंदासेकंदाला स्वतःहून सांगत राहतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे हजेरी घेणं आणि मुलाने स्वतः उठून "आलोय बाई" म्हणणं यातला फरक मला लगेच कळला.

अप्पांना इंग्रजी कागदांची भीती, मावशीला कंटाळा, म्हणून माहितीपत्रकं माझ्याकडे आली. मी वहीत रकाने आखून तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडली. सगळ्यात स्वस्त होतं ते पंखाच्या टोकाच्या दिव्याच्या जागी बसणारं. अप्पांना तेच आवडलं होतं. पण बारीक अक्षरात लिहिलं होतं की ते ज्या लहरीवर बोलतं ती अमेरिकेतच वापरतात. इथे ते बोललं तरी ऐकणारं कुणी नसतं. दुसरं काचेला चिकटवायचं, बॅटरीवरचं. त्याला आपल्याकडे मान्यता असल्याचा कागद मला मिळाला नाही. उरलं तिसरं: जुना ट्रान्सपाँडर काढून त्याच खाचेत बसणारं, जीपीएस आतच असलेलं. यंत्राची किंमत एक, आणि अँटेना, तंत्रज्ञ, तपासणी, परवानगीचे कागद मिळून जवळजवळ तेवढीच आणखी एक. त्या पैशात चांगली चारचाकी आली असती.

अप्पा पैशाला अडले नाहीत. ते दुसऱ्याच गोष्टीला अडले.

"बाई, ह्यो डब्बा लावल्यावर मी कुठं चाललो ते भावकीला कळंल का?"

"फोनवर दिसतं म्हणतात. पण अप्पा, तुमच्या भावकीला सोयाबीनचा भाव बघून वेळ उरतो का? तुमचं विमान कोण बघतंय!"

ते हसले. "ते बी खरं हाय." पण उठताना त्यांनी तेच पुन्हा एकदा विचारलं होतं, हे मला नंतर आठवलं.

मावशीही म्हणाली, "आई, अमेरिकेत मालकाला आपली ओळख लपवता येते. सांकेतिक आकडा बदलून देतात. इथे आहे का तसं काही?" मी शोधलं. आपल्याकडे तशी सोय कुठे आढळली नाही. मी तिला तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "लपवायचं कशाला? चोरी करतेस का?" तिने माहितीपत्रक मिटून माझ्याकडे सरकवलं.

हैदराबादहून तंत्रज्ञ आला. अप्पांच्या आग्रहाने काम सोमवारी सुरू झालं. विमानाच्या पोटाला भोक पाडून माशाच्या परासारखा अँटेना बसवला, आतून पत्र्याचा जोड दिला. अप्पांनी यंत्राला भस्म लावलं, तंत्रज्ञाने ते हळूच पुसलं. प्रत्येक विमानाला सरकारकडून मिळालेला एक सांकेतिक आकडा असतो, तो यंत्रात भरताना मी कागद हातात धरून अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. बाहेर उभं राहून तंत्रज्ञाने हातातल्या खोक्यावर तपासलं आणि अंगठा वर केला. त्या दिवशी मी फार समाधानात नांदेडला परतले.

मग मला फोनवर तिचं विमान बघत बसायची सवयच लागली. कुणा हौशी माणसांनी आपापल्या गच्च्यांवर अँटेने लावलेले असतात, त्यांच्या जोरावर ते चित्र आपल्या फोनवर येतं. अहमदपूरवरून सरकणारं ते पिवळं विमान पाहत मी चहा घ्यायची. मावशी चिडवायची, "इंजिन बंद व्हायच्या आधी तुझे चार मिस्ड कॉल असतात. कंट्रोल टॉवर पण इतक्यांदा बोलत नाही गं!"

याच सुमारास तिचं लग्नाचं बघत होतो. तिची ना नव्हती. देगलूरच्या एका व्यापारी घरातलं स्थळ आलं. बायोडेटा मीच तयार केला. जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाचं गाव. नोकरीच्या रकान्यात वैमानिक असं लिहिलं आणि तेवढं मला पुरेसं वाटेना. म्हणून त्याखाली विमानाचा नंबर लिहिला, आणि तो कोणत्या अॅपवर टाकला की विमान दिसतं तेही लिहिलं. वाटलं, घरबसल्या सून उडताना दिसेल त्यांना. दुसऱ्या कुणाच्या बायोडेटात असलं काही नसेल. मावशीला दाखवायचं राहून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते राहून गेलं नव्हतं. ती खोडेल हे मला माहीत होतं.

बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा दोघींनाही आवडला. दोन महिने निरोप आला नाही. मग एका रविवारी मुलाची आई आणि काकू अचानक घरी आल्या. मावशी घरीच होती. तिने पोहे आणून ठेवले.

"अय्यो, आमची धाकटी जाऊ तर फोन खाली ठेवती कुठं!" मुलाची आई म्हणाली. "भाकरी करता करता बघती. सून घरात यायच्या आधीच दिसाया लागली म्हंती."

आम्ही हसलो. मावशी हसली नाही. "काय दिसायला लागली?" तिने विचारलं.

"तुमचं इमान की. बायोडेटात नंबर न्हाई का दिला." मग त्यांनी फोन पुढे केला. त्यात चित्रं जपून ठेवली होती, तारीखवार. "आता वाईट वाटून घेऊ नका बाई, पोराच्या जन्माचा सवाल हाय. किल्लारीवर अर्धा तास घिरट्या घातल्या, ते कशापायी?"

"उसाची पाहणी होती," मावशी म्हणाली.

"हाव, असंल. पण दर तीन हप्त्याला हैदराबाद. आन् इमान रातभर तिथंच. मग पोरगी कुठं असती?"

मावशी माझ्याकडे बघत होती. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मी म्हणाले, "सांग ना त्यांना. लपवण्यासारखं काय आहे?"

"कामाला असते," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. बायका पोहे न खाता उठल्या. ती संध्याकाळच्या गाडीने लातूरला निघून गेली. दारात मी विचारलं, "ते यंत्र काढून टाकता येणार नाही का?" ती म्हणाली, "भोक पाडलंय, आई."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी अप्पांना फोन केला. मुलीच्या नावाला डाग लागतोय, तुम्हीच सांगा, म्हणाले. फोनमधून दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बाई, माझ्या मंडळीला गाठ निघाली हाय. हैदराबादला औषध चालू हाय. मोटारीत तिला सहन होत न्हाई म्हणून इमानानं नेतो. दवाखान्यात बाईमाणूस पाहिजे, म्हणून तुमची लेक तिच्याजवळ थांबती. सख्ख्या भावाला सांगितलं न्हाई मी. पोरीची सोयरीक ठरत हाय, आईला असं दुखणं हाय कळलं की लोक मागं सरतेत. तुमच्या लेकीच्या अब्रूपायी सांगितलं. तुमच्यापाशी ठेवा."

मी हो म्हणाले. आणि दोन दिवसांनी देगलूरला मुलाच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. तुमच्यापाशीच ठेवा, हेही सांगितलं.

देगलूरच्या बाईंची बहीण लातूरला दिलेली आहे. आठवडा गेला नाही तोच अप्पांच्या भावजया आजारी जावेसाठी डबे घेऊन धावपट्टीवर हजर झाल्या. अप्पांच्या मुलीची सोयरीक थांबली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, त्या इमानात बसले की सगळं गाव वर बघतंय. त्या दोनदा मोटारीने गेल्या, मग जायचंच बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या वारल्या. त्यांना समाधी दिली तेव्हा मी लातूरपर्यंत गेले आणि स्टँडवरूनच परत आले.

देगलूरहून होकार आला होता. शंका फिटली म्हणाले. मावशीने नकार कळवला. अप्पांनी विमान विकलं. ती नांदेडला येऊन आपले कागद घेऊन गेली: लायसन्स, उड्डाणाच्या नोंदवह्या, पासपोर्ट. मी फाइल नीट लावून ठेवली होती, ती तिने तशीच उचलली. मी म्हणाले, "मी तुझ्यासाठीच केलं." ती म्हणाली, "माहीत आहे." रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं.

नंतर मी विमानं दाखवणाऱ्या संकेतस्थळांना पत्रं लिहिली, की जुन्या नोंदी झाकाव्यात. एकाने झाकल्या. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याने कळवलं की माहिती खुली आहे. अप्पांच्या पत्नीच्या दवाखान्याच्या त्या सगळ्या फेऱ्या तिथे अजून दिसतात.

मावशी आता कुठल्या शहरात आहे, उडते की नाही, मला माहीत नाही. तुमच्या आईला माहीत आहे. मला न सांगण्याच्या अटीवर तिने तिला सांगितलं. तुम्हालाही माहीत असेल, कारण मागच्या खेपेला फोनवर धाकट्याने काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि मोठीने त्याला थांबवलं. तिने बरोबर केलं. मी विचारेन. म्हातारपणात माणूस विचारतं, रडतं, तब्येतीचं कारण सांगतं. मी काहीही सांगितलं तरी मला तिचा पत्ता सांगू नका.