रामाजी जेवायला बसला तेव्हा

प्रियदर्शनीला हट्टी म्हणणाऱ्यांत मी पहिला. आदिलाबादच्या आमच्या पॉलिटेक्निकात मी शिकवतो, ती प्रयोगशाळा सांभाळते. तिचे आईवडील तामसी गावात लोकांच्या शेतात राबले. ही पोरगी वायरलेसच्या मागे लागली.

इंद्रवेल्लीकडच्या एका गावात मोबाइल लागत नाही. तिथल्या दवाखान्यातून रोग्याच्या हृदयाचा आलेख आदिलाबादच्या डॉक्टरांपर्यंत पोचावा म्हणून तिनं एक सेट बनवला. जंगल खात्याचं वायरलेस चॅनल दिवसातला बराच वेळ रिकामंच असतं. हा सेट आधी कान देतो, चॅनल मोकळं असेल तरच थोडं थोडं पाठवतो, आणि खात्याचं कोणी बोललं की तिथल्या तिथे गप्प होतो. चॅनल वापरायची परवानगी मात्र महिनाभराचीच होती, पुढचं तपासणीवर ठरणार होतं. कायमची मिळाली नाही, तर दवाखाना पुन्हा मुका.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी शहाणपणा शिकवला, "सेटचे कान थोडे बधीर कर. बारीकसारीक खरखरीला थांबला तर साहेबांसमोर नाक कापलं जाईल."

"नाही सर. दूरचा मानूस बारीकच आयकू येते."

दुसऱ्या दिवशी परवानगी देणारे गोपाळराव साहेब हैदराबादहून आमच्या प्रयोगशाळेत आले, मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. जंगल खात्याचा जुना ऑपरेटर फकिराही आला. दवाखान्यातून येणारा आलेख अर्धा उतरला आणि सेट थांबला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी मनातल्या मनात तिला शिव्या हासडल्या. तिनं आवाज वाढवला. खूप लांबून जंगल खात्याचा गार्ड रामाजी सांगत होता: नाल्यावर पोचलो, आता जेवतो.

साहेब हसले. "एवढ्यासाठी थांबला?"

"जागा त्यायची हाय, साहेब. जेवाले बसलो सांगो का आग लागली सांगो, आमी कोन ठरवनार?"

रामाजीचं बोलून झालं, मग उरलेला आलेख आला. तरी साहेबांचं पेन कागदावर घुटमळत होतं. त्यांनी फकिराकडे पाहिलं. "खात्याचं काय म्हणणं?"

"मी सही करत नाही ठरवूनच आलतो," फकिरा म्हणाला. "महिनाभर रोज कान लावून बसलो, हे बाई आमचं बोलनं कुठं तोडते ते पकडाले. एक शब्द नाही तुटला. आज रामाजीचाबी नाही."

त्यानं खात्यातर्फे सही केली, मग साहेबांनीही. तिनं माझं ऐकलं असतं, तर रामाजीचे शब्द तिच्याच सेटखाली दबले असते. सगळे तिचं कौतुक करत होते. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.